रिपोर्ट नॉर्मल, मग अंगावरून वारं कसं गेलं?

वाचकांचे प्रश्न, आरोग्य विभागाची उत्तरं

या वेळी सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांमध्ये एकच विषय पुन्हा पुन्हा आला: रक्तातली चरबी आणि लकवा. बहुतेकांनी लॅबचा कागदही, म्हणजे रक्तातली चरबी मोजणारी लिपिड प्रोफाइल, जोडला होता. त्यातलं एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, एचडीएल म्हणजे चांगलं म्हटलं जाणारं, आणि ट्रायग्लिसराइड ही चरबीचीच दुसरी जात. पत्रं मुद्द्यापुरती छोटी केली आहेत, नावं छापलेली नाहीत. पहिलं पत्र सगळ्यांच्या आधी घेतलंय, कारण त्यात थांबायला वेळ नाही. त्याचं उत्तर आम्ही पत्रलेखकाला लगेच कळवलं. इथे छापतोय ते इतरांसाठी.

प्रश्न : वय ५१, जुळे सोलापूर. गेल्या आठवड्यात दात घासताना उजव्या हातातला ब्रश गळून पडला, तोंडातून शब्द नीट फुटेना. दहा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं. दुसऱ्या दिवशी लिपिड प्रोफाइल केलं, एलडीएल १२८ आलं. तेलकट बंद केलंय. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू का?

उत्तर : तीन महिने नाही, तीन तासही थांबू नका. हा लकव्याचा छोटा झटकाच होता. मेंदूच्या एखाद्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली आणि नशिबाने सुटली. अशा झटक्यानंतर मोठा लकवा होण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त असतो आणि पुढचे काही आठवडे टिकतो. ऑक्सफर्डमध्ये २००७ साली झालेल्या एका अभ्यासात अशा रुग्णांवर लगेच उपचार सुरू केले, तेव्हा ९० दिवसांत पुन्हा लकवा होण्याचं प्रमाण १०.३ टक्क्यांवरून २.१ टक्क्यांवर आलं. औषधं नेहमीचीच होती. फरक फक्त ती वेळेवर सुरू करण्याचा होता.

म्हणून आजच मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा, नाहीतर सरळ मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात. तिथे मेंदूचा सीटी किंवा एमआरआय होईल, मानेतल्या रक्तवाहिन्यांची डॉप्लर सोनोग्राफी, ईसीजी, बीपी आणि शुगर होईल. ईसीजीत हृदयाचे ठोके अनियमित दिसले, तर गुठळी हृदयातून आलेली असू शकते. तिला वेगळी औषधं लागतात, फक्त चरबीची गोळी पुरत नाही. डॉप्लरमध्ये डाव्या बाजूची मानेतली वाहिनी ७० टक्क्यांहून जास्त आकसलेली निघाली, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो, आणि ती शक्यतो दोन आठवड्यांच्या आत केली तरच तिचा पुरेपूर फायदा मिळतो. एलडीएल १२८ हा आकडा महत्त्वाचा आहेच, पण तुमच्या कामाच्या यादीत तो आज पाचवा आहे.

घरातल्या सगळ्यांनी एवढं पाठ ठेवा. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, एक हात वर धरला की खाली घसरतो, बोलणं जड झालं, अचानक एका डोळ्याने दिसेनासं झालं किंवा तोल गेला, की घड्याळ बघा आणि माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ कागदावर लिहा. १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन त्या वेळेपासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. करमाळा, सांगोला अशा लांबच्या तालुक्यांतून सोलापूर गाठण्यातच त्यातला मोठा भाग जातो, म्हणून चोवीस तास सीटी चालू असलेलं जवळचं रुग्णालय कुठलं हे आजच विचारून ठेवा. तोवर पाणी पाजू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. अॅस्पिरिन देऊ नका. आत गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटीशिवाय कुणालाच कळत नाही. बीपीची गोळी जिभेखाली ठेवू नका. बीपी एकदम कोसळलं तर मेंदूचा उरलासुरला रक्तपुरवठाही तुटतो. घरात शुगर तपासायचं यंत्र असेल तर एकदा बघा, कारण शुगर फार उतरली तरी माणूस लकव्यासारखाच दिसतो. चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून सोबत न्या.

प्रश्न : वडील ५८ वर्षांचे, अक्कलकोट रोडला यंत्रमाग कारखान्यात होते. दोन महिन्यांपूर्वी डाव्या अंगावरून वारं गेलं. अॅडमिट झाल्यावर केलेल्या रिपोर्टमध्ये एकूण कोलेस्टेरॉल १७८, एचडीएल ३१, ट्रायग्लिसराइड २४५, एलडीएल ९८. लॅबच्या कागदावर एकूण कोलेस्टेरॉल आणि एलडीएल दोन्ही मर्यादेत आहेत. तरी डॉक्टरांनी अॅटोरव्हास्टॅटिन ४० मिलिग्रॅम चालू केलीय, आणि ती कायम घ्यायची म्हणतात. नॉर्मल असताना कशाला?

उत्तर : या पत्रासारखीच आणखी सहा पत्रं आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चरबी पाण्यात मिसळत नाही, आणि रक्त म्हणजे मुख्यतः पाणी. त्यामुळे यकृत कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड प्रथिनात गुंडाळून बारीक गोळ्यांच्या रूपात रक्तात सोडतं. हेच लायपोप्रोटीन. यांतल्या धोकादायक जातींच्या, म्हणजे एलडीएल, व्हीएलडीएल आणि त्यांच्या भावंडांच्या, प्रत्येक गोळ्यावर अपोबी नावाचं एकच प्रथिन असतं. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात घुसून अडकतो तो हा गोळा. अडकलेल्या गोळ्यांवर पांढऱ्या पेशी तुटून पडतात, फुगतात, तिथेच मरतात, आणि वर्षानुवर्षांत तिथे पिठूळ लगद्याचा थर तयार होतो. एखाद्या दिवशी थराचं पातळ कवच फाटतं, वर गुठळी जमते, आणि ती मेंदूच्या वाहिनीत जाऊन बसते. भिंतीला किती गोळे अडकणार, हे मुख्यतः त्यांच्या संख्येवर अवलंबून असतं.

लॅबच्या कागदावर मात्र संख्या छापलेली नसते. तिथे असतं त्या गोळ्यांमधल्या कोलेस्टेरॉलचं वजन. एक किलो टपोरी मालदांडी आणि एक किलो बारीक ज्वारी घ्या. वजन सारखंच, पण बारीक ज्वारीत दाणे कितीतरी जास्त. ट्रायग्लिसराइड चढलेलं आणि एचडीएल उतरलेलं असेल, तर एलडीएलचे गोळे लहान आणि जास्त संख्येने असतात. वजन ९८ भरतं, पण भिंतीवर आपटणारे दाणे त्या आकड्यावरून वाटतात त्याहून पुष्कळ जास्त. तुमच्या वडिलांचा कागद नेमका असाच आहे, आणि पोट सुटलेल्या, शुगर काठावर असलेल्या आपल्याकडच्या कित्येक माणसांचाही असाच निघतो.

आता कागद आणि पेन घ्या. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा: १७८ उणे ३१, म्हणजे १४७. हे झालं नॉन-एचडीएल, अपोबी असलेल्या सगळ्या गोळ्यांमधलं कोलेस्टेरॉल. बऱ्याच लॅब हा आकडा छापतात, पण त्याखाली कुणी रेघ मारत नाही. ९८ हा आकडा तर बहुधा मोजलेला नसून काढलेला आहे: ट्रायग्लिसराइडला ५ ने भागायचं, २४५ भागिले ५ म्हणजे ४९, आणि १४७ मधून ते वजा करायचं. हे सूत्र १९७२ सालचं आहे. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की ते वापरतच नाहीत, आणि ट्रायग्लिसराइड जास्त व एलडीएल कमी असेल तेव्हा ते एलडीएल आहे त्यापेक्षा कमी दाखवतं. शिवाय रक्त काढलं तेव्हा वडील नुकतेच अॅडमिट झाले होते. मोठ्या आजारपणात कोलेस्टेरॉल तात्पुरतं खाली येऊ शकतं.

मर्यादेचंही तसंच. कागदावरची १०० ची रेघ धडधाकट माणसासाठी आहे. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ साली भारतीयांसाठी मार्गदर्शक आकडे दिले. कमी धोक्याच्या माणसासाठी एलडीएल १०० च्या आत आणि नॉन-एचडीएल १३० च्या आत. मधुमेह किंवा बीपी असलेल्यांसाठी ७० आणि १००. लकवा किंवा हार्ट अटॅक एकदा होऊन गेलेल्यांसाठी ५५ आणि ८५. वडील आता तिसऱ्या गटात आहेत. त्यांचं नॉन-एचडीएल १४७, हवं ८५ च्या आत. म्हणजे ६२ ने जास्त. याला नॉर्मल म्हणता येणार नाही.

गोळीने किती फरक पडतो? २००६ साली प्रसिद्ध झालेल्या स्पार्कल चाचणीत लकवा किंवा छोटा झटका येऊन गेलेल्या ४,७३१ जणांना रोज अॅटोरव्हास्टॅटिन ८० मिलिग्रॅम किंवा तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी दिली. पाच वर्षांत पुन्हा लकवा होण्याचं प्रमाण बिनऔषधाच्या गोळीवर १३.१ टक्के होतं, औषधावर ११.२ टक्के. शंभरातले दोघे वाचले, आणि हार्ट अटॅकही कमी झाले. ही जादू नाही, पण ज्या घराने एकदा लकवा पाहिलाय त्याला या दोघांची किंमत सांगावी लागत नाही. पुढे फ्रान्स आणि दक्षिण कोरियातल्या २,८६० जणांच्या चाचणीत एका गटाचं एलडीएल ७० च्या खाली ठेवलं, दुसऱ्याचं ९० ते ११० मध्ये. साधारण साडेतीन वर्षांत लकवा, हार्ट अटॅक यांसारख्या मोठ्या घटना पहिल्या गटात ८.५ टक्के झाल्या, दुसऱ्यात १०.९ टक्के. वडिलांचं ९८ या दुसऱ्या गटात बसतं.

४० मिलिग्रॅम अॅटोरव्हास्टॅटिनने एलडीएल जवळपास निम्म्यावर येतं. गोळी सुरू झाल्यावर ४ ते १२ आठवड्यांत पुन्हा लिपिड प्रोफाइल आणि यकृतासाठी एसजीपीटी करा. दोन महिने झालेच आहेत, म्हणजे आता. नॉन-एचडीएल ८५ च्या वर राहिलं तर ४० ची ८० करून फारसं हाती लागत नाही. डोस दुप्पट केला की एलडीएल आणखी फक्त सहाएक टक्के उतरतं. त्यापेक्षा सोबत इझेटिमाइब या दुसऱ्या जातीच्या औषधाची १० मिलिग्रॅमची गोळी दिल्याने ते आणखी सुमारे २० टक्के खाली येतं. याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, झालं नसेल तर तेही करून घ्या. ट्रायग्लिसराइड २४५ च्या मागे पुष्कळदा न सापडलेला मधुमेह निघतो.

एक गोष्ट मात्र चरबीपेक्षाही मोठी आहे. लकव्याच्या कारणांमध्ये पहिला नंबर बीपीचा. ३२ देशांत झालेल्या इंटरस्ट्रोक अभ्यासात दहा टाळता येण्याजोगी कारणं मिळून सुमारे ९० टक्के लकव्यांचा हिशेब लागला, आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा बीपीचा होता. अपोबीचं प्रमाणही त्या दहांत आहे. वडिलांचं बीपी घरच्या यंत्रावर आठवड्यातून दोन दिवस, पाच मिनिटं शांत बसल्यावर, पाठ टेकून, हात हृदयाच्या उंचीला ठेवून मोजा आणि वहीत लिहा. चरबीची गोळी नेमाने घेतली आणि बीपी १६० राहिलं, तर निम्मं काम पाण्यात.

प्रश्न : पंढरपूर. मंडळींना लकव्यानंतर रोसुव्हास्टॅटिन २० चालू होती. मांड्या आणि पोटऱ्या दुखायला लागल्या. मेडिकलवाल्याने सांगितलं, बंद करा, किडनी जाते. महिनाभर बंद आहे.

उत्तर : दुखणं खरं आहे, त्याला खोटं म्हणणार नाही. पण सल्ला चुकीच्या माणसाकडून घेतला. लकवा झालेल्याने स्टॅटिन (अॅटोरव्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन या जातीची कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) परस्पर बंद करणं, हेच या पत्रांमधलं आम्हाला सगळ्यात जास्त काळजी लावणारं वाक्य आहे.

आधी काय बघायचं ते सांगतो. दोन्ही मांड्या, दोन्ही खांदे सारखे दुखतात, गोळी सुरू झाल्यावर किंवा वाढवल्यावर काही आठवड्यांतच दुखायला लागलं, तर गोळीचा संशय घ्यावा. एकच गुडघा किंवा एकच पोटरी दुखत असेल तर कारण बहुधा दुसरं. रक्तात सीके (स्नायूंसाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि क्रिएटिनिन (किडनीसाठी) तपासा. थायरॉइड मंद असेल तर कोलेस्टेरॉलही चढतं आणि स्टॅटिनने स्नायूही लवकर दुखतात. ते बरं केलं की दोन्ही प्रश्न सुटतात. सीके मर्यादेच्या दहापट वर गेलं, किंवा अंगात जोर उरला नाही आणि लघवी कोऱ्या चहासारखी काळपट व्हायला लागली, तर गोळी तत्काळ थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. असं फार क्वचित होतं, पण तेव्हा मात्र किडनीला खरोखर धोका असतो. मेडिकलवाल्याच्या बोलण्यातला खरा अंश एवढाच.

बाकी बहुतेकांसाठी रस्ता असा: डॉक्टरांच्या सांगण्यावरून दोन ते चार आठवडे बंद, दुखणं थांबतं का बघायचं, मग दुसरी स्टॅटिन किंवा तीच कमी डोसमध्ये, उदाहरणार्थ रोसुव्हास्टॅटिन ५, कधी दिवसाआड, आणि कमी पडेल तिथे इझेटिमाइब. तुमचा महिना झालाच आहे, त्यामुळे पुढची पायरी याच आठवड्यात गाठा. तेही जमलं नाही तर पीसीएसके९ ची इंजेक्शनं आहेत, एलडीएल निम्म्याहून खाली आणणारी, पण महाग.

२०२० साली प्रसिद्ध झालेली सॅमसन नावाची चाचणी इथे सांगण्यासारखी आहे. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना वर्षभर काही महिने स्टॅटिन, काही महिने बिनऔषधाची गोळी आणि काही महिने रिकामी डबी दिली. गोळी असलेल्या महिन्यात ती औषधाची की बिनऔषधाची, हे त्यांना माहीत नव्हतं. स्टॅटिनवर जेवढा त्रास झाला त्यातला ९० टक्के त्रास बिनऔषधाच्या गोळीवरही झाला. दुखणं शरीराला जाणवतच होतं, पण त्याचं कारण बहुतेकदा गोळी घेण्याची धास्ती होती. हे कळल्यावर त्यातल्या निम्म्या लोकांनी पुन्हा स्टॅटिन सुरू केली.

आणखी एक. खोकल्या-कफासाठी क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिलं, तर अॅटोरव्हास्टॅटिन चालू असल्याचं डॉक्टरांना आठवणीने सांगा. ते अँटिबायोटिक तिची रक्तातली पातळी वाढवतं आणि स्नायूंना इजा होऊ शकते. आणि शुगर: स्टॅटिनने ती थोडी वाढते, काठावरच्या काही जणांना मधुमेह जरा लवकर जडतो. तरी लकवा झालेल्या माणसात फायद्याचं पारडं जड आहे. गोळी महाग वाटत असेल तर जनऔषधी केंद्रात तेच औषध बरंच स्वस्त मिळतं.

प्रश्न : बार्शी. माझं ट्रायग्लिसराइड ३१० आहे. सोमवार, गुरुवार आणि चतुर्थीचा उपवास असतो. तुपातलं, तळलेलं काही खात नाही. तरी का? आणि यानेही लकवा होतो का?

उत्तर : ताई, ट्रायग्लिसराइड तेलापेक्षा साखर-स्टार्चने जास्त चढतं. उपवासाची साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, बटाटा, रताळं, राजगिऱ्याचा लाडू, चार कप गोड चहा: जादा पिष्ट यकृतात जाऊन ट्रायग्लिसराइड बनतं. उपवासाला ताक, शेंगदाणे, काकडी, एखादं फळ एवढ्यावर भागवा आणि सहा आठवड्यांनी पुन्हा तपासा, फरक कागदावर दिसेल. दारू हे दुसरं मोठं कारण. तिसरं मधुमेह, चौथं मंद थायरॉइड, मग किडनी आणि काही औषधं. एचबीएवनसी, टीएसएच आणि क्रिएटिनिन करून घ्या.

लकव्याच्या बाबतीत स्वतः ट्रायग्लिसराइडपेक्षा ते वाहून नेणारे, अपोबीवाले गोळे गुन्हेगार आहेत. म्हणून लक्ष नॉन-एचडीएलवर ठेवा. नुसतं ट्रायग्लिसराइड उतरवणाऱ्या फायब्रेट जातीच्या औषधाच्या प्रॉमिनंट नावाच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. आकडा छान उतरला, हार्ट अटॅक आणि लकवे मात्र कमी झाले नाहीत. फायब्रेट खरी उपयोगी पडते ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर गेल्यावर, स्वादुपिंडाला सूज येऊ नये म्हणून.

तपासणीला उपाशी जावं लागतंच असं नाही. साधी लिपिड प्रोफाइल जेवूनही चालते. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर आलं तरच १० ते १२ तास उपाशी राहून पुन्हा द्यायची; पाणी चालतं. रक्त देण्यापूर्वी पाच मिनिटं बसा, आणि दंडाला बांधलेला पट्टा मिनिटभरापेक्षा जास्त राहू देऊ नका, त्याने कोलेस्टेरॉल उगाच वाढलेलं दिसतं. दोन तपासण्यांत ट्रायग्लिसराइड २०-३० टक्के इकडेतिकडे होणं स्वाभाविक आहे. एका कागदावरून हुरळून किंवा घाबरून जाऊ नका.

प्रश्न : साखर पेठ. करडईचं तेल चांगलं, शेंगदाण्याचं की घाण्याचं? आणि शेंगाची चटणी सोडायची का? घरात दोघांना बीपी आहे.

उत्तर : एलडीएल वाढवते ती मुख्यतः संपृक्त चरबी. करडई आणि सूर्यफुलाच्या तेलात ती साधारण १० टक्के, शेंगदाण्यात १७ ते २०, पामतेलात ५० च्या आसपास, तुपात ६० च्या वर, खोबरेलात ९० च्या जवळ. सोलापूरच्या रब्बी रानातली करडई या बाबतीत खरोखर गुणाची आहे आणि तिला आपणच विसरलो, याचं वाईट वाटतं. फोडणी, भाजीला करडई उत्तम. तळणाला शेंगदाणा बरा, तो उष्णता जास्त सहन करतो. घाण्याचं असो वा रिफाइंड, संपृक्त चरबीचं प्रमाण तेच राहतं. घाण्याच्या तेलाला चव आणि वास असतो, हा फायदा वेगळा.

तेल कुठलं, याहून तेल किती हा प्रश्न मोठा. एका माणसाला दिवसाला चार ते पाच छोटे चमचे, म्हणजे २० ते २५ मिली. चौघांच्या घराला महिन्याला अडीच ते तीन लिटर. डबा आणला की त्यावर तारीख लिहा. पाच लिटरचा डबा २० दिवसांत संपत असेल, तर तेल बदलून काही होणार नाही. भजी तळून उरलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. फेस धरायला लागलं, दाट झालं, वास बदलला की टाकून द्या. वनस्पती तुपातल्या ट्रान्स चरबीवर २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे, पण सुटे बेकरी पदार्थ कशात बनवलेत हे विचारल्याशिवाय कळत नाही.

शेंगाची चटणी सोडू नका. शेंगदाण्यातली चरबी बरीचशी असंपृक्त आहे, आणि ज्वारीच्या कडक भाकरीबरोबर तर ती पोटभर, तंतूयुक्त जेवण होते. त्रास आहे तो मिठाचा. दिवसभराचं सगळं मिळून मीठ एक छोटा चमचा, ५ ग्रॅम, हवं. चटणी, लोणचं, पापड आणि वरून ताकात मीठ, यातच ते संपतं. घरी कुटताना चटणीत मीठ निम्मं करा, लसूण आणि जिरं वाढवा. ताटात दोन मोठे चमचे पुरे. तेवढ्यात १५ ग्रॅमच्या आसपास चरबी असते, ती दिवसाच्या हिशेबात धरा.

प्रश्न : विडी कामगार, वय ४४. एचडीएल ३४ आहे. वाढवायला काय खाऊ? विडी ओढत नाही, फक्त मिशरी लावते.

उत्तर : मिशरी म्हणजे तंबाखूच. ती बीपी आणि नाडी चढवते, आणि बिनधुराच्या तंबाखूचा लकव्याने येणाऱ्या मृत्यूशी संबंध अभ्यासांत दिसला आहे. पहिलं काम ती सोडण्याचं. एचडीएल वाढवणारी औषधं, नायसिनसकट, मोठ्या चाचण्यांत वापरून पाहिली. आकडा वाढला, लकवे कमी झाले नाहीत. एचडीएल हा इशारा समजा, त्याच्यामागे धावू नका. दिवसभर मांडी घालून विड्या वळताना दर तासाला उठून पाच मिनिटं चाला, संध्याकाळी अर्धा तास झपझप चाला, बीपी आणि शुगर तपासा.

प्रश्न : वय ३४, मंगळवेढा. वडिलांना ४६ व्या वर्षी लकवा, काकांना ४९ व्या वर्षी हार्ट अटॅक. दोघेही निर्व्यसनी. माझं एलडीएल ११२.

उत्तर : लायपोप्रोटीन-ए एकदा तपासा. डॉक्टर त्याला एलपी लिटल ए म्हणतात. एलडीएलसारखाच गोळा, पण त्याला एक जादा प्रथिन चिकटलेलं असतं, आणि त्यामुळे तो भिंतीत अडकतोही आणि गुठळीलाही हातभार लावतो. १९६३ साली नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी तो शोधला. पातळी मुख्यतः आईवडिलांकडून येते, खाण्यापिण्याने जवळपास बदलत नाही, म्हणून आयुष्यात एकदा तपासणी पुरे. ५० मिलिग्रॅमच्या किंवा १२५ नॅनोमोलच्या वर म्हणजे जास्त. कागदावर एकक कुठलं ते बघा. एकाचा आकडा दुसऱ्यात साध्या गुणाकाराने नेता येत नाही.

जास्त निघालं तर स्टॅटिनने ते उतरत नाही, उलट किंचित वाढू शकतं. तरी उपचाराचा अर्थ हाच की एलडीएल, बीपी, तंबाखू आणि वजन या बाकीच्या बाबतीत तुम्ही इतरांपेक्षा कडक राहायचं, आणि एलडीएलची गोळी लवकर सुरू करण्याबद्दल डॉक्टरांशी बोलायचं. भावंडांनाही तपासायला सांगा. मनाने अॅस्पिरिन सुरू करू नका.

प्रश्न : मोहोळ. आईला मेंदूत रक्तस्राव झाला होता, गुठळी नव्हती. कोलेस्टेरॉलची गोळी चालू ठेवावी का? कुणी म्हणतं त्याने रक्तस्राव वाढतो.

उत्तर : ही शंका निराधार नाही. वर सांगितलेल्या स्पार्कल चाचणीत रक्तस्रावाचे लकवे औषधाच्या गटात ५५ आणि बिनऔषधाच्या गटात ३३ झाले. एकूण लकवे कमी झाले, पण हा भाग वाढला. म्हणून रक्तस्राव झालेल्या माणसात निर्णय सरसकट घेत नाहीत. आईला आधी हार्ट अटॅक किंवा स्टेंट असेल तर गोळीचं पारडं जड. तसं काही नसेल आणि रक्तस्राव मेंदूच्या पृष्ठभागाजवळ झाला असेल तर बहुतेकदा टाळतात. सीटी-एमआरआयचे फोटो घेऊन मेंदूविकारतज्ज्ञांनाच विचारा. बीपी १३० च्या आत ठेवण्याबद्दल मात्र कुणाचंही दुमत नाही.

प्रश्न : मुलगा जर्मनीत आहे, त्याने स्वतःचा रिपोर्ट पाठवला. एलडीएल ३.१, ट्रायग्लिसराइड १.९. एवढं कमी कसं?

उत्तर : कमी नाही, एकक वेगळं आहे. आपल्याकडे मिलिग्रॅममध्ये मोजतात, तिकडच्या बऱ्याच लॅब मिलिमोलमध्ये. कोलेस्टेरॉल, एलडीएल, एचडीएल यांना ३८.७ ने गुणा, ट्रायग्लिसराइडला ८८.६ ने. मुलाचं एलडीएल झालं १२०, ट्रायग्लिसराइड १६८. दोन्ही थोडे जास्त आहेत. त्याला बीपी, कंबरेचा घेर आणि एचबीएवनसी कळवायला सांगा, मग पुढच्या अंकात नेमकं लिहू.